सात फायनल की चार? इकास्त, हेर्निंग आणि एफसी मिट्युलान

माळावरचा_वारा (धागाकर्ता)

हेर्निंगला मॅच बघून ऑर्हुसला परतत होतो. समोर एक सत्तरीचे आजोबा, मांडीवर काळा-लाल मफलर. माझं डेनिश मोडकंतोडकं, त्यांचं इंग्रजी बरं. बोलता बोलता कपचा विषय निघाला. म्हणाले, "कप जिंकायच्या आधी आम्ही सात फायनल हरलो." मी मान डोलावली. पुढे इकास्त स्टेशन आलं आणि ते उतरून गेले. घरी येऊन बघतो तर एफसी मिट्युलान 2019 मध्ये पहिला डेनिश कप जिंकायच्या आधी चार फायनल हरला होता. चारच: 2003, 2005, 2010, 2011.

उरलेल्या तीन कुठून आल्या, हे कळायला मला चहाचा अख्खा कप लागला. त्या तीन इकास्त एफएसच्या. 1986, 1989, 1997. म्हणजे जो क्लब व्यावसायिक फुटबॉलमधून 1999 साली दिसेनासा झाला, त्याची हार या आजोबांनी नव्या क्लबच्या खात्यात जमा करून ठेवलेली. धागा काढायचं कारण एवढंच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (आधी उच्चार: इंग्रजी समालोचक 'मिडजिलँड' म्हणतात, इथले लोक काहीसं 'मित्युलॅन'. अर्थ मध्य युटलंड. मी मिट्युलान लिहितोय, डेनिश जाणकारांनी सांभाळून घ्यावं.) हेर्निंग आणि इकास्त ही डेन्मार्कच्या मुख्य भूभागातली, युटलंडच्या मधोमध असलेली दोन गावं. मध्ये जेमतेम बारा किलोमीटर. हेर्निंग पन्नासेक हजार वस्तीचं, इकास्त त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. हेर्निंग फ्रेमाद हा क्लब 1918चा, इकास्त एफएस 1935चा. दोघांचं हाडवैर. शेजारी असल्यावर आणखी काय असणार! गाव लहान असूनही फुटबॉलमध्ये इकास्त मोठं: 1987 मध्ये लीगमध्ये उपविजेते, शिवाय वर सांगितलेल्या तीन कप फायनल.

पण डेन्मार्कमध्ये खेळाडूंना उघड पगार द्यायला परवानगी मिळाली ती 1978 साली. तोवर सगळे हौशी. पुढे 1991 ला सुपरलीग आली, टीव्हीचा पैसा आला आणि छोट्या गावांची दमछाक सुरू झाली. एकत्र येऊ या, अशा गोष्टी या दोन क्लबांत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू होत्या. दरवेळी फिसकटायचं. शेवटी 1999 च्या एप्रिलमध्ये दोन धंदेवाल्या माणसांनी घोषणा केली. एक जॉनी रूने, सुतारकामाच्या मालाचा व्यापारी, इकास्तच्या बाजूचा. दुसरा स्टीन हेसल, मर्सिडीज गाड्यांचा विक्रेता, हेर्निंगच्या बाजूचा. नव्या क्लबनं पहिल्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकली आणि वर गेला तो वरच राहिला. आजवर चार वेळा लीग विजेते: 2015, 2018, 2020, 2024.

मला वाटतं हे जमलं याचं कारण वाटणी. सुरुवातीला सामने इकास्तच्या स्टेडियमवर. मग 2004 ला हेर्निंगमध्ये प्रदर्शन केंद्राच्या शेजारी साधारण बारा हजार प्रेक्षकांचं नवं स्टेडियम झालं आणि रविवार हेर्निंगकडे गेला. पण सोमवार ते शनिवार इकास्तकडेच राहिले. सराव तिथे, अकादमी तिथे. आणि दोन्ही जुने क्लब मेले नाहीत, पोराटोरांचे आणि हौशी संघ अजून चालवतात. डेनिश भाषेत त्यांना 'आई-क्लब' म्हणतात. दोन आया आणि एक कमावता मुलगा, असा एकूण मामला.

तर प्रश्न असा. असा जोडून केलेला क्लब 'खरा' म्हणायचा का? आणि आजोबांचं गणित बरोबर की क्लबचं?

---

तांबडा_पांढरा

खरा-खोटा राहू द्या हो, आधी हे सांगा की झालं कसं? आमच्या कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार एक करायचं नुसतं नाव काढून बघा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरच निकाल लागंल. त्यात रविवार एकाला आन् सोमवार-शनिवार दुसऱ्याला ही वाटणी म्हणजे तर भावकीतल्या विहिरीगत झालं. मोटर कुणी कधी चालू करायची यावर कोर्टात केस.

---

हुगळीकाठचा_मराठी

वडिलांच्या नोकरीमुळे कोलकात्यात वाढलो, त्यामुळे घरी गणपती आणि बाहेर मोहन बागान. या विषयावर मी तटस्थ नाही, आधीच सांगतो.

2020 साली 1889 चा आमचा क्लब 2014 साली जन्मलेल्या एटीकेशी जोडला गेला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. सव्वाशे वर्षांच्या म्हाताऱ्याच्या पुढे सहा वर्षांच्या पोराचं नाव! तीन वर्षं समर्थक 'एटीके हटवा' म्हणून ओरडत होते. मार्च 2023 मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकल्यावर, विजयाच्या त्याच रात्री, मालकांनी ते नाव काढत असल्याचं जाहीर केलं. मित्रानं फोनवर सांगितलं तेव्हा त्याला ट्रॉफीपेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला होता.

म्हणून माझं मत: विलीनीकरण दोन बरोबरीच्यांचं असेल तर चालतं. एकाकडे पैसा आणि दुसऱ्याकडे इतिहास असेल तर ते विलीनीकरण नव्हे, ती खरेदी. मिट्युलानमध्ये दोघांकडेही दोन्ही थोडंथोडंच होतं, म्हणून जमलं. आणि नावात कुणाचंच नाव नाही हे सगळ्यात शहाणपणाचं. 'इकास्त-हेर्निंग' ठेवलं असतं तर आधी कोण यावर आणखी तीस वर्षं गेली असती.

---

पार्कनशेजारी

कोपनहेगनमधून नमस्कार. ही चर्चा एफसी कोपनहेगनशिवाय कशी चालली आहे? आमचा क्लब 1 जुलै 1992 चा. केबी (1876, युरोपच्या मुख्य भूमीवरच्या सगळ्यात जुन्या क्लबांपैकी एक) आणि बी 1903 यांच्या व्यावसायिक संघांचं विलीनीकरण. बी 1903 नं मरायच्या आदल्या मोसमात बायर्न म्युनिकला 6-2 ने हरवलं होतं, हे इथल्या जुन्या लोकांना विचारा, डोळे चमकतात. तेवढ्यात नवं पार्कन स्टेडियम उभं राहिलं, आणि एवढ्या मोठ्या घराला शोभेल असा भाडेकरू हवा होता. पहिल्याच हंगामात, 1993 मध्ये, विजेते.

तरी वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं: तुम्ही प्लास्टिक, तुम्हाला इतिहास नाही. सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणतं? ब्रॉन्बीवाले. आणि ब्रॉन्बी कसा झाला? 1964 साली ब्रॉन्बीओस्टर आणि ब्रॉन्बीवेस्टर या दोन गावठी क्लबांचं विलीनीकरण करून!! पूर्व ब्रॉन्बी अधिक पश्चिम ब्रॉन्बी. अठ्ठावीस वर्षं आधी केलं म्हणून ते खानदानी.

---

अण्णा_डोंबिवली

@पार्कनशेजारी, केबी म्हणजेच तो क्लब ना, ज्यात नील्स बोर गोलरक्षक होते? बॉल येत असताना गोलपोस्टवर गणित सोडवत बसले होते असा किस्सा वाचल्याचं आठवतं.

---

पार्कनशेजारी

नाही अण्णा, तो एबी, म्हणजे अकादमिस्क बोल्डक्लब. विद्यापीठवाल्यांचा. खरा फुटबॉलपटू त्यांचा धाकटा भाऊ हाराल्ड, जो 1908 च्या ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्ककडून खेळला आणि रौप्यपदक घेऊन आला. गणितज्ञही तोच. गोलपोस्टवरचा किस्सा मीही ऐकलाय, पण किस्सेच ते.

---

शंकासुर

भावना बाजूला ठेवू. क्लब ही कायदेशीर संस्था आहे. मिट्युलान 1999 ला जन्मला, तेव्हा त्याच्या फायनल चार. आजोबांची सात ही आठवण झाली, नोंद नव्हे. उद्या मी म्हणेन एफसी पुणे सिटीच्या पराभवांचं खातं हैदराबादच्या नावावर टाका. 2019 ला इकडचं बंद झालं, तिकडचं सुरू झालं.

---

माळावरचा_वारा

@शंकासुर, पुणे-हैदराबाद उदाहरण इथे लागू होत नाही. पुण्याचा माणूस हैदराबादच्या मॅचला लोकलनं जात नाही. इकास्तचा आजोबा जातो. नऊ-दहा मिनिटांत हेर्निंग, तिथून पुढे प्रदर्शन केंद्राचं छोटं स्टेशन, की आलं मैदान. शिवाय त्याच्या गावातल्या मैदानावर आजही तेच खेळाडू रोज सराव करतात.

---

एक्सजी_बाई

कुणीच बेनम काढला नाही अजून? मग मी काढते, माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

2014 मध्ये हा क्लब आर्थिकदृष्ट्या गाळात होता. तेव्हा मॅथ्यू बेनम या इंग्रज माणसानं बहुतांश हिस्सा घेतला. हा मूळचा जुगाराच्या आकडेमोडीतला माणूस, ब्रेंटफर्डचाही मालक. अध्यक्ष म्हणून बसवला रास्मुस अँकरसन. हा हेर्निंगचाच मुलगा, याच क्लबात खेळायचा, गुडघ्यानं घात केला. दोघांचं म्हणणं साधं होतं: गुणतालिका खोटं बोलते. बॉल पोस्टला लागून आत जातो की बाहेर यावर तीन गुण ठरतात, म्हणून संघ किती संधी निर्माण करतो आणि किती देतो यावर स्वतःला मोजा. खेळाडू निवडायलाही हेच. फिनलंडचा टिम स्पार्व जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतून आणला, कारण त्यांच्या गणितात त्याचा संघ दिसतो त्यापेक्षा खूप चांगला निघत होता.

आणि सेट-पीस! कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो-इन. जे इतर संघ सरावाच्या शेवटी दहा मिनिटं उरकतात, त्यावर यांनी तासन् तास घालवले. थ्रो-इनचा वेगळा प्रशिक्षक थॉमस ग्रॉनेमार्क इथे काम करत होता, तेव्हा लोक हसायचे. 2018 मध्ये लिव्हरपूलचा प्रशिक्षक क्लॉपनं त्यालाच तिकडे नेलं, मग हसणं थांबलं. बेनम आल्यावर पहिल्याच हंगामात, 2014-15 ला, ग्लेन रिडर्सहोमच्या हाताखाली पहिली लीग.

एक मात्र कबूल करते. हे आकडे वगैरे नंतरचं. अकादमी 2004 चीच आहे, बेनमच्या दहा वर्षं आधीची. डेन्मार्कमधली अशी पहिली. पाया आधी घातलेला होता, आम्ही आकडेवाले नंतर येऊन फोटोत मधोमध उभे राहिलो.

---

माळावरचा_वारा

@एक्सजी_बाई, शेवटच्या ओळीला दंडवत. अकादमीवरून अँकरसन भाषणांत नेहमी सांगतो ती गोष्ट. पहिल्या तुकडीत एक जागा उरली, म्हणून एका पंधरा वर्षांच्या पोराला घेतलं. बाप क्लबातच कामाला होता. काही महिन्यांनी प्रशिक्षकांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, पाच वर्षांत सगळ्यात पुढे कोण जाईल? कुणीच त्या पोराचं नाव लिहिलं नाही. तो सिमॉन केर. 2008 ला पालेर्मोनं नेला, पुढे एसी मिलान, देशाचा कर्णधार, शंभरहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने. जून 2021 मध्ये पार्कनवर सामना चालू असताना डेन्मार्कचा खेळाडू एरिक्सन कोसळला तेव्हा पहिल्यांदा धावत जाणारा आणि मग त्याच्या बायकोला धीर देणारा तोच.

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ऑफिसातला एक डेन म्हणतो, "आकडेवाल्यांचा क्लब, आणि सगळ्यात मोठा खेळाडू चुकून सापडलेला."

---

विणकर

मी इचलकरंजीचा. फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण हेर्निंग हे नाव कापडाच्या धंद्यात ऐकलं होतं. तेच हे का?

---

माळावरचा_वारा

तेच! बरं झालं विचारलंत, माझा आवडता भाग राहूनच जात होता.

हा सगळा मुलूख पूर्वी माळरान. वाळूमिश्रित, निकस जमीन, वर खुरटी जांभळी झुडपं. पीक कसलं येणार? म्हणून लोक मेंढ्या ठेवत आणि हिवाळाभर घरातली बाई-माणसं-पोरं सगळे लोकरी मोजे विणत. मग पुरुष पाठीवर गाठोडं टाकून देशभर विकत हिंडायचे. अशा फेरीवाल्यांना डेनिशमध्ये स्वतंत्र शब्दच आहे, 'होसेक्रेमर', मोजेविके म्हणा ना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळ लागवडीखाली आणायची मोठी मोहीम झाली, रेल्वे आली, आणि मोजेविक्यांच्या नातवंडांनी विणकामाचे कारखाने काढले. विसाव्या शतकात हेर्निंग-इकास्त म्हणजे डेन्मार्कची होजिअरी. शिवणकाम पुढे पूर्वेकडच्या स्वस्त देशांत गेलं, पण डिझाइन आणि व्यापार इथेच राहिला.

आता गंमत बघा. 2023 मध्ये बेनमनं क्लब विकला तो आंदर्स होल्क पॉउलसनला, बेस्टसेलर या कपड्यांच्या कंपनीचा मालक. वेरो मोडा, जॅक अँड जोन्स हे ब्रँड त्यांचेच, आपल्याकडच्या मॉलमध्येही आहेत. आणि या कंपनीचं मुख्यालय आहे ब्रांदे नावाच्या गावात, जे आज इकास्त-ब्रांदे या एकाच नगरपालिकेत येतं. म्हणजे इंग्रज आकडेवाल्याकडून क्लब परत आला तो कापडवाल्याकडेच. सुतारसामानवाला, मर्सिडीजवाला, जुगारवाला, कापडवाला. चारही दुकानदार. मोजेविक्यांचा मुलूख शेवटी.

(अवांतर: हेर्निंगच्याच एका शर्ट कारखानदारानं इटालियन कलाकार पिएरो मांझोनीला 1960-61 मध्ये बोलावून घेतलं होतं. त्यानं इथे एक लोखंडी चौथरा उलटा ठेवला. अक्षरं उलटी, कारण चौथऱ्यावर ठेवलेली मूर्ती म्हणजे अख्खी पृथ्वी! तो इथल्या संग्रहालयात आहे. मॅचच्या आधी वेळ असेल तर जरूर बघा. मी खाली वाकून, मान वाकडी करून वाचायला गेलो आणि कमरेत उसण भरली.)

---

विणकर

वा! मागावरून मैदानावर. धन्यवाद. उसणीवर शेक घ्या.

---

पार्कनशेजारी

तुमचं कौतुक चालू द्या, पण तुम्हाला दोन शब्द बुडालेल्यांबद्दल पण सांगायला हवेत, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल डेन्मार्कमध्ये दोन क्लब जोडले की ट्रॉफी निघते. ओडेन्स भागात एफसी फ्यून काढला 2006 ला, 2013 ला दिवाळं. इथे आमच्याकडे एफसी आमागर तर वर्षभरात संपला. स्लागेल्सचा एफसी वेस्टशेलंड सुपरलीगपर्यंत जाऊन 2015 ला बुडाला. उलट हेर्फोल्ग आणि कोगे एकत्र येऊन 2009 ला झालेल्या एचबी कोगेच्या पुरुष संघापेक्षा महिला संघानं जास्त नाव काढलं, लागोपाठ तीन वेळा लीग.

फारुमचं वेगळंच. 1991 ला दोन छोटे क्लब जोडून फारुम बीके, 2003 ला त्याचं एफसी नॉर्शेलंड, 2012 ला चक्क लीग विजेते, आणि आता घानाच्या अकादमीशी जोडलेले. मोहम्मद कुदुस तिथूनच पुढे गेला.

---

हुगळीकाठचा_मराठी

बुडालेल्यांच्या यादीबद्दल आभार. एक बघा: बुडालेल्यांपैकी बहुतेक नावं मोठ्या प्रदेशाची. फ्यून म्हणजे अख्खं बेट, वेस्टशेलंड म्हणजे पश्चिम झीलंड. सगळ्यांचा क्लब म्हणजे कुणाचाच नाही. पण हा नियम मांडला तर मिट्युलान आणि नॉर्शेलंड दोघंही माझ्या नियमाला लाथ मारतात, त्यामुळे मागे घेतो.

---

एक्सजी_बाई

नमुना लहान आहे, सोडून द्या :)

पण मोठ्या रात्री मोजा की. 2015 ला साउथहॅम्प्टनला युरोपा लीगमधून बाहेर काढलं, मॉर्टन रास्मुसनचा गोल. फेब्रुवारी 2016, मँचेस्टर युनायटेडला घरच्या मैदानावर 2-1, विजयी गोल ओनुआचूचा, जो नायजेरियातल्या एबेडेई या सहयोगी क्लबातून आला. परतीच्या सामन्यात 5-1 मार खाल्ला. त्या रात्री युनायटेडकडून ऐन वेळी एका अठरा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा खेळवलं आणि त्यानं दोन गोल मारले. मार्कस रॅशफर्ड. 2020 ला चॅम्पियन्स लीगच्या गटात लिव्हरपूलशी बरोबरी. 2022 ला लाझिओला 5-1. बारा हजारांच्या मैदानावर!

---

तांबडा_पांढरा

रॅशफर्डची पहिली मॅच यांच्याविरुद्ध होती व्हय! ती बघितलीय मी, रात्री दोन वाजता. समोरचा संघ कोण होता ते काय आठवत नव्हतं. माफी असावी मंडळी.

---

शंकासुर

मी बसून आजोबांच्या सात फायनल तपासल्या. काढायला गेलो चूक, सापडलं भलतंच. प्रतिस्पर्धी बघा:

1986 बी 1903, 1989 ब्रॉन्बी, 1997 एफसी कोपनहेगन, 2003 ब्रॉन्बी, 2005 पुन्हा ब्रॉन्बी, 2010 नॉर्शेलंड, 2011 पुन्हा नॉर्शेलंड.

ब्रॉन्बी जोडलेला, कोपनहेगन जोडलेला, नॉर्शेलंड जोडलेला, आणि बी 1903 पुढे जोडला गेला. सातही वेळा हरवणारे जोड-क्लब, किंवा होऊ घातलेले. आणि 2019 ला पेनल्टी शूटआऊटमध्ये शेवटी कुणाला हरवलं? ब्रॉन्बीलाच. 'खरा क्लब' हा प्रश्न डेन्मार्कपुरता मी मागे घेतो. तिथे खरं कुणीच दिसत नाही.

फायनल मात्र चारच.

---

पार्कनशेजारी

हाहाहा, हे इथल्या मैत्रिणींना भाषांतर करून पाठवलं. ब्रॉन्बीवाली अजून उत्तर देत नाहीये.

---

अण्णा_डोंबिवली

एक शंका. इकास्तच्या आजोबांनी सात मोजल्या, कारण तीन त्यांच्या गावच्या. हेर्निंगचा माणूस किती मोजेल?

---

माळावरचा_वारा

अण्णा, प्रश्न डोक्यात बसला म्हणून दोन दिवस उत्तर दिलं नाही. ऑफिसात एक सहकारी हेर्निंगचा आहे, लहानपणी फ्रेमादकडून खेळलेला. मे 2024 च्या शेवटच्या दिवशी हा माझ्याच घरी होता. मिट्युलान सिल्केबोर्गशी 3-3, आणि तिकडे ब्रॉन्बी आमच्या ऑर्हुसच्या एजीएफकडून घरच्या मैदानावर हरला, म्हणून एका गुणानं लीग यांची. तेव्हा त्यानं सोफ्याचा हात मोडला होता, म्हणजे माणूस पक्का आहे.

आज जेवताना विचारलं, "2019 च्या आधी तुम्ही किती कप फायनल हरलात?"

"चार," तो म्हणाला. मग मी आजोबांचं सांगितलं.

पावावर लोणी लावता लावता थांबला. म्हणाला, "1997 ची मी टीव्हीवर बघितली होती. आम्ही सगळे घरी कोपनहेगनच्या बाजूनं ओरडत होतो."

---

शंकासुर

म्हणजे चारच.

---

तांबडा_पांढरा

त्या आजोबास्नी सांगू नका म्हणजे झालं.